इरू, तुझं नाव कुणाचं?

प्रिय इरू,

बस सुटायच्या दोन मिनिटं आधी तू विचारलंस, "आई, मराठी लोक मेलेल्या माणसांची नावं मुलांना का ठेवतात? मला माझं स्वतःचं नाव का नाही?" आदल्या दिवशी आजी फोनवर बोलून गेली ना, की तुझं नाव लेखिका आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांवरून ठेवलंय, तेच तुझ्या मनात घोळत असणार. फूटपाथवर उभ्या उभ्या याचं उत्तर देणं मला जमलं नाही. सहलीवरून येशील तेव्हा हे पत्र तुझ्या उशीवर असेल. सावकाश वाच. जो शब्द अडेल त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मार, मग आपण मिळून बघू.

आपल्याकडे आजीचं नाव नातीला ठेवायची पद्धत होती, हे खरं. माझ्या आजीचं नाव गोदावरी. ती गेल्यावर माझ्या काकूला मुलगी झाली, तिचंही नाव गोदावरीच ठेवलं. पण सुनेने सासूचं नाव घ्यायचं नाही, असा तेव्हा दंडक होता. मग स्वतःच्या मुलीला हाक कशी मारणार? काकू तिला बेबी म्हणायला लागली, मग सगळेच बेबी म्हणायला लागले. तीच तुझी बेबीमावशी. साठी उलटली तरी ती बेबीच आहे. गोदावरी हे नाव फक्त तिच्या रेशनकार्डावर आणि आधारकार्डावर सापडतं. गेलेलं माणूस घरात परत आलं, असं लोकांना वाटायचं. त्या वाटण्यात माया होती, मी ती खोटी म्हणणार नाही. पण मला माझ्या मुलीला तिच्या नावानेच हाक मारायची होती.

आणि स्वतःच्या नावाचं म्हणशील तर तुझ्या आजीचं ऐक. तिचं माहेरचं नाव कुसुम. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि आजोबांनी अंगठीने त्यात लिहिलं, सुनंदा. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिला आधी कुणी विचारलं नव्हतं. तांदळात लिहिलेलं ते नाव तिने उलट्या बाजूने वाचलं, कारण ती समोर बसली होती. हे तिने मला तू पोटात असताना सांगितलं, त्याआधी कधीच नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की तुझं नाव असं हवं, जे आपल्या दोन्ही घरांत आजवर कुणाचंच नव्हतं आणि पुढेही कुणी पुसणार नाही.

आता इरावती. संस्कृतात 'इरा' म्हणजे पाणी, पेय, ज्याने जिवाला तरतरी येते ते. 'वती' म्हणजे 'असलेली', जसं गुणवती, लीलावती. इरावती म्हणजे पाण्याने भरलेली. आपल्या पणज्यांच्या पिढीत नद्यांची नावं घरोघरी होती: गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, भागीरथी, नर्मदा. इरावती मात्र त्या यादीत क्वचितच. कारण साधं आहे, ही नदी आपल्या अंगणातली नाही. पंजाबातल्या रावी नदीचं जुनं नाव इरावती, आणि त्याहून जुनं, ऋग्वेदातलं नाव परुष्णी. हिमाचलात उगम पावून ती पंजाबात उतरते आणि लाहोरच्या कडेने पुढे जाते. 'इरावती' बोलताना झिजत झिजत 'रावी' झालं. (तुझ्या वर्गातला रवि वेगळा. तो सूर्य.)

रविवारच्या मराठी वर्गात तुम्ही 'इतिहास'वरून 'ऐतिहासिक' आणि 'इच्छा'वरून 'ऐच्छिक' शिकलात ना? तसंच 'इरावती'वरून 'ऐरावत'. रामायणात एक इरावती आहे, तिचा मुलगा ऐरावत, इंद्राचा हत्ती. ऐरावत समुद्रमंथनातून वर आला असंही सांगतात. मला आईवरून नाव मिळालेला हत्ती जास्त आवडतो. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'तही इरावती नावाची एक राणी आहे, पण तिच्या वाट्याला मुख्यतः रागावणंच आलंय, तिला सोडून देऊ.

पण तुझ्या नावाची खरी वाट रावीकडून येत नाही. ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये, एक प्रचंड नदी आहे, दोन हजार किलोमीटरहून लांब. तिचंही नाव इरावती. आपलाच शब्द तिथे गेला, तिथल्या लोकांच्या तोंडी बसला, तिथला झाला. त्या देशात गणेश हरी करमरकर नावाचे मराठी गृहस्थ नोकरीसाठी राहत होते. १९०५ च्या डिसेंबरात मिंज्यान गावी त्यांना मुलगी झाली आणि त्यांनी तिला तिथल्या नदीचं नाव दिलं. तीच पुढे इरावती कर्वे.

मला हे वाचल्यावर अगदी थांबायला झालं होतं. घरापासून इतक्या लांब मुलगी जन्मली, आणि आईवडिलांनी गोदावरी किंवा कृष्णा निवडली नाही. ती जिथे जन्मली तिथलं पाणी निवडलं. आणि ते नाव आपलंच निघालं! त्या वेळी मी इथे बर्लिनमध्ये सातव्या महिन्यात होते आणि आमच्याकडे नावांची एक लांबलचक यादी होती. ती त्याच दिवशी फाडली.

सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. मोठेपणी ती इथे, बर्लिनला आली आणि १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवून परतली. बर्लिनच्या डालेम भागातल्या ज्या संस्थेत ती काम करायची, तिथल्या प्राध्यापकांची समजूत होती की गोऱ्या माणसांची डोकी मुळातच श्रेष्ठ असतात आणि ते कवट्यांच्या मापांवरून दिसतं. तिने कवट्या मोजल्या. मापांतून तसं काही निघेना. तिने जे निघालं तेच लिहिलं, त्याच प्राध्यापकांच्या हाताखाली, परक्या देशात, पंचविशीच्या आत. पुढे त्या संस्थेतल्या माणसांनी नाझींच्या भयंकर गुन्ह्यांत हातभार लावला. ती इमारत अजून उभी आहे. तिच्या भिंतीवर त्याबद्दलची पाटी आहे. तू तीन वर्षांची असताना आपण तिथे गेलो होतो. मी पाटी वाचत होते आणि तू खाली बसून चेस्टनट गोळा करत होतीस.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तिने अनेक वर्षं शिकवलं, महाराष्ट्र पायी तुडवला, वारकऱ्यांबरोबर पंढरपूरपर्यंत चालत गेली. महाभारतातल्या माणसांवरच्या तिच्या 'युगान्त'ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये ती गेली. घरात तिला सगळे इरू म्हणत. होय, तुझी हाकही तिथूनच आली.

तर 'मेलेल्या माणसाचं नाव' म्हणालीस ते अर्धं बरोबर आहे. पण ती आपली कुणी लागत नाही. तिच्यासारखं व्हावंस म्हणून हे नाव ठेवलेलं नाही, आणि ती तुझ्या रूपाने परत आली असंही मला वाटत नाही. लांब जन्मलेल्या मराठी मुलीचं नाव म्हणून ते मला तुझं वाटलं, इतकंच.

ते ठेवतानाही गंमत झाली. इथे बाळाची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते, आणि आपलं बारसं बाराव्या दिवशी. नाव महिन्याभरात कळवलं तरी चालतं हे बाबाने शोधून काढलं, म्हणून तू बारा दिवस कागदावर बिननावाची होतीस. पाळणा नव्हता. माझ्या नऊवारीची झोळी करून तिची टोकं चौघांनी धरली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत वरवंट्याऐवजी लाटणं झोळीवरून आणि खालून फिरवलं. आत्या नागपुरात होती, म्हणून फोन तुझ्या कानाशी धरला आणि ती तिकडून "कुर्र्र… इरावती" म्हणाली. तू शिंकलीस. आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, ते बाबाने फोनलाच घातले. घुगऱ्या डब्यातल्या काबुली चण्यांच्या होत्या.

रोमन अक्षरांत तुझं नाव मी डब्ल्यूने लिहिलं, कारण जर्मनीत डब्ल्यूचा उच्चार 'व' होतो. व्ही लिहिला असता तर कुणीतरी 'इराफाटी' वाचलं असतं. कर्वेबाईही डब्ल्यूच लिहायच्या. शाळेत 'इरावाटी' म्हणतात तेव्हा 'त'साठी जीभ दातांना लावायला सांगत जा. तुझ्या बाईंना नक्की जमेल. नुसतं 'इरा' हे नाव आता पुण्यामुंबईत बऱ्याच मुलींचं असतं, आणि इथे लोकांना ते रशियन वाटतं. तुला ते सोपं पडत असेल तर खुशाल सांग. पूर्ण नाव कुठे जात नाही.

आजीशी मी काल बोलले. तुझा प्रश्न तिला सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मामाआजोबा गेल्यापासून तिला कुसुम म्हणणारं कुणीच उरलेलं नाही. मी विचारलं, इरूने कुसुमआजी म्हटलं तर चालेल का? चालेल म्हणाली. रविवारी फोन तू लाव.

तुझी,
आई