विचारा, सांगतो : बंदुकांच्या कारखान्यात काय पाहायचं?

प्रश्न : मुलगी कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहते. जुलैत तिच्याकडे जाणार आहे. जावईबापू म्हणतात, तिथून गाडीने अर्ध्या तासावर मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफिल्ड आर्मरीचं संग्रहालय आहे, ते दाखवतो. मला बंदुकांत काडीचाही रस नाही. नुसत्या बंदुकाच बंदुका बघून काय करू? की काहीतरी निमित्त सांगून टाळू? *– एक वाचिका, सांगली*

उत्तर : ताई, टाळू नका. बंदुकांचं वेड मलाही नाही. माझी उभी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात गेली. मुलाकडे गेलो असताना हे संग्रहालय पाहिलं, आणि बंदुकांपेक्षा त्या बनवायच्या यंत्रांपाशीच जास्त रेंगाळलो. तुम्हीही तेच करा.

ही जागा मुळात कारखान्याची. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1777 मध्ये, इथे दारूगोळ्याचं कोठार झालं. पुढे 1794 मध्ये सरकारने इथे स्वतःच बंदुका बनवायचं ठरवलं आणि 1795 मध्ये पहिल्या 245 बंदुका तयार झाल्या. नमुना फ्रेंच बंदुकीचा होता. तेव्हापासून 1968 मध्ये टाळं लागेपर्यंत अमेरिकन पायदळाच्या हातातलं हत्यार बहुतेक वेळा इथेच आखलं जायचं. आता आवारात कॉलेज आहे आणि जुन्या विटांच्या कोठारात संग्रहालय. कुंपण जरूर बघा. एकोणिसाव्या शतकात निकामी तोफा वितळवून त्याचं लोखंड ओतलं, आणि गजांची टोकं भाल्यांसारखी ठेवली. भंगाराचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

आत गेल्यावर सगळ्यांचे फोन एका मांडणीकडे वळतात. तीत शेकडो बंदुका उभ्या, ओळीवर ओळ लावल्या आहेत. 1843 मध्ये कवी लाँगफेलो लग्नानंतरच्या सहलीत इथे आला होता. नळ्यांच्या अशा रांगा बघून त्याच्या बायकोला चर्चमधल्या ऑर्गन या वाद्याच्या उभ्या नळ्यांची आठवण झाली, आणि त्यावरून त्याने युद्धाविरुद्ध कविता लिहिली. तेव्हापासून त्या मांडणीला ऑर्गनच म्हणतात. तुम्हीही फोटो काढा आणि पुढे चला, कारण खरा ऐवज पुढे आहे.

तो म्हणजे थॉमस ब्लँचर्डचा लेथ, म्हणजे वस्तू गोल फिरवत कातायचं यंत्र. बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. खांद्याशी रुंद, मुठीशी बारीक, कुठे चपटा, कुठे बाक. लेथवर गोल वस्तू निघते, असली वेडीवाकडी कशी निघणार? म्हणून कारागीर पटाशी, रंधा आणि कानस घेऊन एकेक दस्ता हाताने कोरायचे. ब्लँचर्ड याच मॅसॅच्युसेट्सचा. 1819 च्या सुमारास त्याने यावर तोड काढली. नाक्यावरचा चावीवाला डुप्लिकेट चावी करतो ते आठवा : एकीकडे मूळ चावी, दुसरीकडे कोरी पट्टी. इथे एकीकडे लोखंडी नमुना आणि दुसरीकडे लाकडाचा ठोकळा, आणि दोन्ही एकाच लयीत गोल फिरतात. नमुन्याला एक चाक टेकलेलं. नमुना फुगला की चाक मागे सरतं, खोलगट झाला की आत जातं. ठोकळ्यावरचं कातरणारं चाक बरोबर तेवढंच मागेपुढे होतं. हात न लावता दस्ता तयार! पुढे याच युक्तीने कुऱ्हाडीचे दांडे, बूट बनवायचे लाकडी साचे, गाडीच्या चाकांचे आरे असं काय काय निघालं. नंतर पेटंटची मुदत वाढवून हवी होती, तर या गड्याने अमेरिकी संसदेतल्या बड्या मंडळींचे अर्धपुतळे अशाच यंत्रावर काढून त्यांच्याच इमारतीत मांडले. मुदत वाढून मिळाली, हे वेगळं सांगायला नको. 1820 च्या दशकातला असा एक लेथ तिथे आहे. मी त्याच्यापुढून हलेना तेव्हा सूनबाई येऊन म्हणाल्या, "बाबा, कॉफी घेऊन येऊ का इथेच?"

आणखी एक बघा. जुन्या बंदुकांच्या दस्त्यावर, घोड्याच्या विरुद्ध बाजूला, लाकडात दाबलेला छोटासा शिक्का दिसतो. ती तपासनिसाच्या नावाची आद्याक्षरं. नळीत जादा दारू भरून बार काढायचे, ती टिकली तर तिच्यावर वेगळा ठसा. आमच्याकडेही पास झालेल्या मालावर नंबर-पंच असायचा. माल परत आला की पंच बघून माणूस हुडकायचे. त्यामुळे तलवारबहाद्दरांच्या तसबिरींपेक्षा मला ही दोन-तीन अक्षरं जवळची वाटली.

ता. क. : प्रवेश फुकट आहे. उघडं असण्याचे दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्याआधी जावईबापूंना त्यांच्या संकेतस्थळावर बघायला सांगा. पर्समध्ये आंबा चिरायची सुरी असेल तर घरीच ठेवा.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणतात, सुटे भाग एकमेकांत बदलता येण्याची पद्धत बंदुकांमुळे आली आणि ती एली व्हिटनीने शोधली. हे खरं आहे का? *– एक वाचक, चाकण*

उत्तर : पहिला भाग बराचसा खरा. दुसरा भाग पाठ्यपुस्तकं एकमेकांवरून उतरवत आली आहेत.

व्हिटनीने 1801 मध्ये बड्या लोकांपुढे सुटे भाग जोडून दाखवले आणि वाहवा मिळवली. पण त्याच्या कारखान्यातल्या ज्या बंदुका शिल्लक आहेत, त्यांचे भाग एकमेकांत बसत नाहीत. त्याच्या आधी, 1785 मध्ये, फ्रान्समध्ये होनोरे ब्लाँ याने हेच करून दाखवलं होतं. ते जेफरसनने (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच) स्वतः पाहिलं आणि मायदेशी कळवलं. अमेरिकेत ते खरोखर साधलं जॉन हॉल नावाच्या माणसाने, 1820 च्या दशकात, हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात. स्प्रिंगफिल्डने ते हजारोंच्या संख्येवर नेलं. आणि मित्रा, त्यामागे एखादा चमत्कार नव्हता. गेज (माप तपासायचे साचे), जिग आणि फिक्स्चर (काम करताना भाग ठरल्या जागी धरणारे साचे) आणि डोक्यावर बसलेला तपासनीस, एवढंच होतं.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट 1854 ची. ब्रिटिश सरकारची समिती स्प्रिंगफिल्डला आली. साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी 1844 ते 1853 या वर्षांतली प्रत्येकी एक अशा दहा बंदुका निवडल्या, समोर खोलायला लावल्या, भाग पेट्यांमध्ये मिसळून टाकले. मग हाताला येईल तो भाग कामगाराला द्यायचा आणि त्याने जोडायचा. हातात फक्त स्क्रूड्रायव्हर. कानस नाही, हातोडी नाही. सगळ्या बंदुका जुळल्या. दहा वर्षं गेज झिजू न देणं म्हणजे काय, हे वर्कशॉपमधल्या तुझ्या सरांना विचार.

साहेबांनी लगेच शेजारच्या चिकोपी गावातल्या कंपनीकडे दस्ते बनवायच्या यंत्रांची ऑर्डर दिली. ती यंत्रं गेली इंग्लंडात एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात. आपल्याकडे एन्फिल्ड म्हटलं की 1857 ची काडतुसं आठवतात, आणि तुझ्या वयाच्या मुलांना बुलेट. दोन्हींचं मूळ गाव एकच : पुढे त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या सायकल कंपनीने आपल्या गाड्यांना तेच नाव लावलं, आणि 'बंदुकीसारखी बनवलेली' ही त्यांची जाहिरात होती.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा आहे, मोबाइलवर दिवसभर गोळीबाराचेच खेळ खेळतो. अशा मुलाला शस्त्रांच्या संग्रहालयात न्यावं का? *– एक आजोबा, ठाणे*

उत्तर : न्यावं. खेळात बंदूक कुणी बनवत नाही, ती फुकट मिळते. इथे दिसतं की एकेक बंदूक बनवायला माणसं लागली. दुसऱ्या महायुद्धात स्प्रिंगफिल्डच्या यंत्रांवर हजारो बायका होत्या. तिथे बनायची ती एम-वन रायफल आखणारा जॉन गॅरंड मूळचा क्यूबेकचा. 1919 मध्ये तो इथे कामाला लागला, 1936 मध्ये सैन्याने त्याची रायफल घेतली, आणि ती बनवायची बरीचशी यंत्रंही त्यानेच आखली. हक्क त्याने सरकारला देऊन टाकले. पगारापलीकडे काही मिळालं नाही. एक लाख डॉलर बक्षिसाचा ठराव संसदेत आला, तोही बारगळला. सरकारी खात्यात काम केलेल्यांना याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही.

मात्र ही हत्यारं कशासाठी होती, ते नातवापासून लपवू नका. 1861 च्या यादवी युद्धात याच कारखान्याने रात्रंदिवस बंदुका काढल्या, आणि त्या युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले, दोन्ही बाजूंचे. त्याच्याही आधी, 1787 च्या जानेवारीत, कर्जाने गांजलेले शेतकरी डॅनियल शेज याच्यामागून या कोठारावर चालून आले होते. जप्त्या आणि तुरुंगवास यांना ते विटले होते. त्यांच्यावर तोफ डागली गेली, चौघे ठार झाले. आपल्याकडे 1875 मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्याच जातीचं हे प्रकरण. नऊ वर्षांच्या मुलाला हे सगळं कळेल असं नाही, पण तोफ कुणावर डागली, हे तो नक्की विचारील. तेव्हा सांगा.

प्रश्न : अमेरिकेला जाणं आमच्या नशिबी नाही. जवळपास काही आहे का? *– एक वाचक, इचलकरंजी*

उत्तर : आहे की, तुमच्या उशालाच! कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शस्त्रांचा मोठा संग्रह आहे. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय, तिथेही जुनी हत्यारं आहेत. तोड्याची बंदूक आणि गारगोटीची बंदूक यांतला फरक ओळखायची सवय करा. पहिलीत घोड्याच्या चिमट्यात जळती वात धरायची, दुसरीत गारगोटीची ठिणगी पाडायची. पावसात पहिलीची काय अवस्था होत असेल, हे कोल्हापूरच्या माणसाला मी सांगायला नको. आणि घडणावळ बघा : या बंदुका एकेका कारागिराच्या हातच्या आहेत, एकीचा घोडा दुसरीला बसायचा नाही.