लिओपोल्डच्या वाचनाला मुलांना न्यावं का?

ऑगस्टमध्ये पुण्याहून अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आलेल्या ताईंचा प्रश्न असा: लायब्ररीत मार्चच्या पहिल्या शनिवारच्या, ऑल्डो लिओपोल्ड या निसर्गलेखकाच्या नावच्या 'लिओपोल्ड वाचना'चं पत्रक लागलंय, ही काय भानगड आहे? नऊ आणि तेरा वर्षांची मुलं कंटाळतील का? आणि आपल्या मराठी मंडळाला असं काही करता येईल का? मी इथे एकोणीस वर्षं आहे. दहा-बारा वाचनं ऐकली, तीनदा स्वतः वाचलं, आणि मंडळाचा एक कार्यक्रम व्यवस्थित पाडूनही दाखवला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जयंती-पुण्यतिथी डोक्यातून काढा. हार नाहीत, दीपप्रज्वलन नाही, 'दोन शब्द' बोलणारे अध्यक्ष नाहीत. त्यापेक्षा आपलं पारायण जवळचं. पुस्तक एकच, गावातली माणसं आळीपाळीने पुढे येऊन मोठ्याने वाचतात. पोस्टमन वाचतो, शाळेतली पोरं वाचतात, एखादे शेतकरी आजोबा चष्मा विसरून येतात आणि शेजारणीचा लावून वाचतात. हे २००० साली आपल्या उत्तरेला लोडाय गावात सुरू झालं, मग इतर गावांनी उचललं, आणि २००४ मध्ये विस्कॉन्सिनने मार्चचा पहिला शनिवार-रविवार कायद्यानेच ऑल्डो लिओपोल्डच्या नावे केला. पुस्तक म्हणजे त्याचंच 'अ सँड काउंटी ऑल्मनॅक'. नकाशात सँड काउंटी शोधू नका, मी पहिल्या वर्षी शोधली होती. अशी काउंटीच नाही. रेताड जमिनीचा मुलूख म्हणून ते नाव; ज्या शेतावर ते लिहिलंय ते आहे सॉक काउंटीत, बॅराबूजवळ.

माणूस थोडक्यात सांगते. जन्म १८८७, आयोवातलं बर्लिंग्टन. येलला वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये वनखात्यात, ॲरिझोना-न्यू मेक्सिकोकडे. १९२४ मध्ये तिकडचं 'हिला' (Gila) नावाचं अरण्य रस्ते न काढता जसंच्या तसं राखायचं ठरलं, त्यामागे हाच. १९३३ पासून इथल्या विद्यापीठात प्राध्यापक. ही माहिती कुठेही मिळेल. मला तो आवडतो तो १९३५ साली त्याने घेतलेल्या जमिनीमुळे. निसर्गप्रेमी माणूस जमीन घेतो तेव्हा झरा, झाडी, डोंगराचा देखावा बघतो. याने घेतलं विस्कॉन्सिन नदीकाठचं, पिकं काढून काढून चोथा झालेलं, आधीच्या मालकाने टाकून दिलेलं शेत. उभी इमारत एकच, कोंबड्यांचं खुराडं, आत शेणखताचा थर. बायको एस्टेला आणि पाच मुलं मिळून त्यांनी ते उपसलं, चूल बांधली, फळ्यांचे पलंग ठोकले आणि सुट्टीच्या दिवशी मॅडिसनहून तिथे जाऊन राहू लागले. तेच त्यांचं 'शॅक'. संडासाला त्यांनी 'पार्थेनॉन' नाव ठेवलं होतं. मुलांना हे आधी सांगा, पुढचं सगळं ती ऐकतात.

मग झाडं लावली. पहिल्या खेपेची पाईनची जवळजवळ सगळी रोपं १९३६ च्या दुष्काळात जळाली. पुढच्या वसंतात पुन्हा लावली. मी मूळची दुष्काळी माण तालुक्यातली. टँकरची वाट बघत आंब्याचं एक रोप जगवणारे माझे आजोबा या एका वाक्याला माझ्या डोळ्यासमोर येतात. आज तिथे उंच पाईन उभे आहेत. १९४८ च्या एप्रिलमध्ये पुस्तक स्वीकारल्याचा प्रकाशकाचा निरोप आला, आणि आठवड्याने, २१ तारखेला, शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवायला गेलेला लिओपोल्ड तिथेच हृदयविकाराने गेला. पुस्तक १९४९ मध्ये निघालं. तो जिथे गेला त्या ठिकाणी २००७ मध्ये त्याच्या नावच्या फाउंडेशनने इमारत उभारली, तीही त्याच कुटुंबाने लावलेल्या पाईनच्या लाकडातून.

आता मुलांचं. कुठला भाग कधी आहे ते आधी विचारून घ्या, सगळाच वेळ बसायची सक्ती नसते. पुस्तकाचा पहिला भाग महिन्यावार आहे; त्यातला फेब्रुवारीतल्या ओकचा भाग चुकवू नका. विजेने मेलेला जुना ओक दोघं जण लांब करवतीने कापताहेत, आणि करवत जसजशी आत जाते तसतशी एकेका वाढीच्या वर्तुळातून विस्कॉन्सिनची सालं मागे मागे उलगडत जातात, थेट १८६५ पर्यंत. १८९९ च्या आसपास राज्यातलं शेवटचं रानटी पॅसेंजर पिजन (आता नामशेष झालेलं एक कबूतर) मारलं गेलं तेही त्या भुशातून बाहेर येतं. मधूनमधून मुख्य करवत्या ओरडतो, 'विसावा!' आमच्याकडे तो शब्द आला की सगळं सभागृह एकदम ओरडतं. माझा लेक तेव्हा आठ वर्षांचा होता. पहिल्या दोन वेळा लाजला, तिसऱ्या वेळेपासून खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. धाकट्याला डिसेंबरचा भागही आवडेल. त्यात पायात ६५२९० क्रमांकाचं कडं असलेला एक चिकडी पक्षी आहे. मूठभर जीव, पाच हिवाळे काढतो. सहाव्या हिवाळ्यात येत नाही.

तेरा वर्षांच्या मुलीला लांडगिणीचा उतारा ऐकू द्या. तरुण लिओपोल्ड आणि सोबतचे लोक लांडगिणीवर गोळ्या झाडतात, मग जवळ जाऊन तिच्या डोळ्यांतली हिरवी आग विझताना बघतात. लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त, असं तेव्हा तो मानत होता आणि तशी धोरणंही मांडत होता. पुढे लांडगे संपल्यावर हरणांनी डोंगर ओरबाडून खाल्लेले त्याने पाहिले, आणि १९४४ मध्ये आपली चूक लिहून काढली. पर्यावरणावर लिहिणारे दुसऱ्यांच्या चुका भरपूर दाखवतात. याने स्वतःची बंदूक दाखवली, म्हणून माझा याच्यावर विश्वास बसला. एका वर्षी हा उतारा वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज मध्येच बसला, त्यांनी पुस्तक शेजारच्या मुलाकडे दिलं आणि त्याने पुढचं वाचलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

शेवटी 'लँड एथिक' हा निबंध येतो, आणि तिथे मोठी माणसंही पेंगतात. मी त्याचा माझ्यापुरता अर्थ असा लावते: माती, पाणी, झाडं, जनावरं हे सगळं मिळून एक गाव आहे, आणि माणसाने त्या गावची पाटीलकी सोडून साधा गावकरी व्हायचं. जमिनीचं बरं-वाईट नुसतं पैशात मोजायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण स्वतःच्या मागच्या अंगणातल्या लॉनवर औषध फवारायला माणूस येतो तेव्हा कळतं. एक मात्र खटकतं. हा सगळा मुलूख इथल्या मूळ रहिवाशांचा, हो-चंक लोकांचा. पुस्तकातल्या गावात त्यांना जागा फारच थोडी आहे. काही ठिकाणी वाचनाआधी आता त्यांचं नाव घेतात, ते बरं झालं.

मंडळाचं सांगते. आम्ही केलं तेव्हा लिओपोल्डवर चाळीस मिनिटांचं सादरीकरण ठेवलं. दहाव्या मिनिटाला पोरं तळघरात पळाली आणि बायका बटाटेवड्यांकडे. दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं. तीनच उतारे, प्रत्येकी पाच मिनिटं, घरटी एक वाचक, आणि मध्ये ज्याला वाटेल त्याने आपल्या गावच्या एखाद्या झाडाबद्दल मराठीत सांगायचं. भारतातून आलेल्या एका आजींनी रस्ता रुंदीकरणात गेलेल्या वडाबद्दल सांगितलं. किती फांद्या होत्या, कुठल्या फांदीखाली एसटी थांबायची, सगळं. त्या दिवशी ओकचा उतारा कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

आणखी एक, फुकटचं. लिओपोल्ड कुटुंब पहिलं फूल, पहिला पक्षी यांच्या तारखा टिपत असे; मुलगी नीना पुढेही कित्येक वर्षं टिपत राहिली. आमच्या फ्रिजवरच्या कालनिर्णयात एकादशी आणि दूधवाल्याच्या हिशेबाची जागा आता गीज (रानहंस) परतल्याच्या तारखेने घेतली आहे. वर्षाअखेरीस कॅलेंडर टाकून देत नाही, एवढंच. अकरा जमलीत.

शॅक बघायचं असेल तर वाचनाच्याच दिवशी जोडून जाऊ नका. आत जायला फाउंडेशनची फेरी लागते, ती कधी आहे ते आधी बघा. मार्चमध्ये वाटेवर खाली बर्फ आणि वर चिखल असतो. मुलांना बर्फाचे बूट घाला आणि गाडीत मोज्यांचे दोन जोड जास्त ठेवा.