वाळीत टाकणे: कुणी, कुणाला?

कोल्हापुरातल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे: "‘हेट क्राइम’ला मराठीत द्वेषगुन्हा म्हणावं की द्वेषपूर्ण गुन्हा? असे गुन्हे समाजाला कसे रोखता येतील यावर मुलांसाठी टिपण करतेय. त्यात आपला जुना मराठी शब्द कोणता घेता येईल?"

‘द्वेषमूलक गुन्हा’ म्हणा. ‘द्वेषपूर्ण’ नको, कारण बांधाच्या भांडणातून भावकीत झालेला खूनही द्वेषपूर्णच असतो. द्वेषमूलक गुन्ह्यात मारणाऱ्याची आणि मार खाणाऱ्याची ओळखसुद्धा नसेल. समोरचा अमक्या जातीचा, धर्माचा किंवा भाषेचा आहे, एवढंच मूळ असतं आणि ‘मूलक’ म्हटलं की ते शब्दात येतं. ‘द्वेषगुन्हा’ मथळ्यात चालेल.

अशा एका गुन्ह्यासाठी जुना शब्द मात्र तयार आहे: वाळीत टाकणे. त्याची हल्ली चाललेली नासाडी ऐकवत नाही. ग्रुपमधून नंबर काढला, की ‘मला वाळीत टाकलं’. संघातून खेळाडू वगळला, की ‘निवड समितीने वाळीत टाकलं’. ज्या शब्दामागे प्रेताला खांदा न मिळालेली घरं उभी आहेत, तो रुसव्याफुगव्यासाठी वापरू नये. नुसता ‘बहिष्कार’ हाही त्याचा प्रतिशब्द नाही. गाव निवडणुकीवर बहिष्कार घालतं, विद्यार्थी परीक्षेवर घालतात. तिथे दुबळ्यांनाही बलवानांवर बहिष्कार घालता येतो. वाळीत टाकतात ते अनेकजण मिळून एकाला.

आता व्युत्पत्ती. बहुतेकांना ‘वाळीत’ म्हटलं की वाळवण आठवतं. सुकायला टाकल्यासारखा माणूस बाजूला टाकला, असं ते मोठ्या खात्रीने सांगतात. हे साफ चूक आहे आणि ते व्याकरणच सांगतं. सुकणे या अर्थाचं ‘वाळणे’ अकर्मक आहे. मिरच्या वाळतात, माणूस मिरच्या वाळत नाही, वाळवतो. आता तुकोबांचं ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी’ पाहा. ‘जन’ कर्ता, ‘मज’ कर्म. लोक मला वाळोत, म्हणजे खुशाल जातीबाहेर काढोत. हे सकर्मक ‘वाळणे’ निराळं क्रियापद आहे. त्याचं नाम ‘वाळी’ आणि त्या अवस्थेत ढकलणं म्हणजे ‘वाळीत’ टाकणं.

दुसरा पक्ष हे क्रियापद संस्कृत ‘वल्’, म्हणजे वळणे, याच्याशी जोडतो आणि ‘ओवाळणे’ याच घरातलं असल्याचा दाखला देतो. मला हे मुळीच पटत नाही. ओवाळताना माणसाला मधे बसवून त्याच्याभोवती फिरायचं असतं, वाळताना त्याला वर्तुळाबाहेर काढायचं असतं. केवळ ध्वनी जुळला म्हणून दोघांना एका पाटावर बसवणारे अर्थाकडे पाहतच नाहीत. माझ्या मते मूळ आहे ‘वृ’ धातूचं ‘वारयति’: अडवणे, दूर सारणे. र चा ळ होणं मराठीला नवं नाही. हरिद्रेची हळद झाली, चत्वारिंशत्‌चे चाळीस झाले, तसं ‘वारणे’चं एक रूप ‘वाळणे’ झालं. आणि ‘निवारण’ही ‘वारयति’चंच! महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याच्या नावात ‘प्रतिबंध, बंदी व निवारण’ असे शब्द आहेत. रोग आणि औषध एकाच धातूतून निघाल्याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

हा कायदा २०१६चा, अंमल ३ जुलै २०१७ पासून. त्याआधी १९४९चा मुंबई प्रांताचा जातिबहिष्कृतीविरोधी कायदा होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये घटनाबाह्य ठरवला. नव्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. चिथावणी देणाराही शिक्षेला पात्र आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. वाळीत टाकण्यासाठी बैठक भरणार असं कळलं, तर जिल्हाधिकारी तिला आधीच मनाई करू शकतात. म्हणून बैठकीची तारीख, वेळ आणि जागा आदल्या दिवशी कळवणं हे बैठक झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा जास्त उपयोगी. तडजोड करायची तर पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी दोन्ही लागतात. चावडीवर ‘मिटवलं’ म्हणून मिटत नाही.

अडचण पुराव्याची असते, कारण वाळीत कुणी कागदावर लिहून टाकत नाही. आपल्या भागात ही वाळी कशी दिसते ते मुलांना नीट सांगा. जत्रेची वर्गणी घ्यायला कुणी दारात येत नाही, ही बहुधा पहिली खूण. मग पैऱ्याला, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने करायच्या कामाला, हाक येत नाही. दुकानात समोर पोती दिसत असताना ‘माल संपलाय’ ऐकावं लागतं. पाण्याची पाळी हुकते. दूध संस्थेतून दूध ‘नासलंय’ म्हणून परत येतं. अशा वेळी नाकारल्याचं कारण तारखेसह लेखी मागावं, तेच दूध त्याच वेळी शेजारच्या संस्थेत घालून फॅट आणि एसएनएफची (दुधातल्या स्निग्धांशाची आणि इतर घन पदार्थांची) पावती जपून ठेवावी. कोण काय बोललं, किती वाजता, कुणासमोर, हे त्याच रात्री वहीत उतरवावं. महिन्याने आठवून लिहिलेलं उलटतपासणीत टिकत नाही.

मारहाणीपर्यंत गेलं, तर प्रकरण फिर्यादीत बिघडतं. ‘किरकोळ वादातून दोन गटांत हाणामारी’ असं ठोकळेबाज वाक्य उतरलं की मूळ गेलं. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, शिवीसकट, फिर्यादीत आले पाहिजेत. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जातिवाचक अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो, म्हणून हजर असलेल्यांची नावं हवीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) आणि ११७(४) मध्ये पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेला खून आणि जबर दुखापत वेगळी धरली आहे. तिथे डोकी मोजलेली असणं आणि कारण नोंदलेलं असणं, दोन्ही लागतं. ठाणे अंमलदाराने फिर्याद घेतली नाही, तर मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा. झुंडबळीच्या प्रकरणात २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमायला सांगितलं आहे. अफवा पसरू लागल्या की त्या अधिकाऱ्याला कळवायचं, दगड पडायची वाट पाहायची नाही.

वाळी अनेकांची असल्याने ती फोडायला पहिला माणूस लागतो, आणि तो वजनदार असला तर काम लवकर होतं. शाहू महाराजांनी तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल घालायला पाठबळ दिलं. तेवढ्यावर न थांबता ते स्वतः तिथे जाऊन चहा पीत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. नुसता हुकूम काढून गिऱ्हाईक आलं नसतं. आज सरपंचाने त्या घरची वर्गणी स्वतः जाऊन घेतली, पावती सगळ्यांदेखत फाडली, संस्थेच्या चेअरमनने उभं राहून दूध मापून घेतलं, तर तोच परिणाम होतो. ग्रामसभेचा ठरावही करता येतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श म्हणून ठेवला.

टिपणात शब्द वापराल तेव्हा ‘ळी’ दीर्घ लिहा, ‘वाळित’ चूक. आणि कर्ता गाळू नका. ‘कुटुंब वाळीत पडले’ असं बातम्यांत सर्रास येतं, जणू ते पाय घसरून पडलं. ‘गावकीने कुटुंबाला वाळीत टाकले’ असं लिहा.