गिल्सोनाइट म्हणजे रस्त्याचंच डांबर का? ते खाणीतून कसं काढतात आणि लागतं कुठे?

नाही. रस्त्याचं डांबर रिफायनरीत कच्च्या तेलाचा तळगाळ म्हणून उरतं. गिल्सोनाइट खाणीतून निघणारं घन, काळं, चकचकीत नैसर्गिक अस्फाल्ट आहे. मूळ माल अमेरिकेतल्या युटा राज्याच्या युइंटा खोऱ्यातला. तिथे त्याच्या जवळजवळ उभ्या शिरा आहेत, कुठे काही सेंटीमीटर तर कुठे पाच मीटरपर्यंत रुंद. माल इतका ठिसूळ की हवेवर चालणाऱ्या छिन्नीनेच फोडतात आणि पाइपातून हवेनेच वर ओढतात. खरा धोका धुळीचा: हवेत उडालेली बारीक पूड ठिणगीने स्फोट करते.

सर्वात महत्त्वाचा उपयोग तेलविहिरींच्या ड्रिलिंग मडमध्ये, म्हणजे विहीर खोदताना आत फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवात. खालच्या उष्णतेने कण मऊ होऊन शेल या थरांच्या खडकाच्या बारीक भेगा बुजवतात. ग्रेड विहिरीच्या तापमानाला जुळणारी हवी. फार कडक निवडली तर कण मऊच होत नाहीत. पूड पाण्यात भिजत नाही, त्यामुळे पाण्याच्या मडमध्ये वेटिंग एजंट (पूड भिजवणारं रसायन) घालावाच लागतो. शिवाय काळी छपाईची शाई, गंजरोधक रंग आणि धातूच्या ओतकामाची वाळू यांतही लागतं. रस्त्याच्या डांबरात थोडं मिसळलं तर उन्हात चाकोऱ्या कमी पडतात, जास्त झालं तर थंडीत तडे जातात.

एक मात्र बघा: इराणी नैसर्गिक बिटुमेनही याच नावाने विकलं जातं आणि त्यात राखेचं (जाळल्यावर उरणाऱ्या खनिज भागाचं) प्रमाण लॉटगणिक बदलतं. राख आणि सॉफ्टनिंग पॉइंटचा (माल मऊ होण्याच्या तापमानाचा) रिपोर्ट पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.