थाप मारली की वाजणारा स्पीकर: दोष कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या) बुकशेल्फ स्पीकरची जोडी, चार वर्षं जुनी. घर सोलापूरच्या पूर्व भागात, खाली यंत्रमाग. वीसेक मिनिटांनी डावा स्पीकर खरखरतो आणि गप्प होतो, थाप मारली की परत वाजतो. मे महिन्यात तर दोन्ही बंद पडतात, दिवासुद्धा विझतो. दुकानदार म्हणतो, बोर्ड बदला.

इतक्यात बोर्ड बदलू नका. माझ्या मते हे दोन वेगळे दोष आहेत. एक हादऱ्याला दाद देतो, दुसरा उष्णतेला. दोन्ही एकदम शोधायला गेलात तर गोंधळ होईल.

आधी डावा. अशा बहुतेक जोड्यांत अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला वीज पुरवणारा सप्लाय एकाच डब्यात असतो. दुसऱ्या डब्यात वूफर (जाड आवाजाचा), ट्विटर (बारीक आवाजाचा) आणि या दोघांत आवाज वाटून देणारा छोटा क्रॉसओव्हर एवढंच. तुमचा डावा बिनबोर्डाचा आहे असं धरतो. तो बंद असताना दिवा चालू आणि उजवा वाजतोय, म्हणजे सप्लायवर संशय नाही. मागच्या आरसीए (लाल-पांढऱ्या) पिना डाव्या-उजव्या अदलून बघा. आता उजवा जायला लागला तर दोष केबलमध्ये किंवा फोन-टीव्हीच्या बाजूला. तरीही डावाच गेला तर त्याच्या जागी ४ किंवा ८ ओहमचा दुसरा कुठलाही साधा स्पीकर जोडा. तोही गेला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात, नाही गेला तर डाव्याच्या पेटीत किंवा वायरीत.

पेटीवर संशय असेल तर वायर अ‍ॅम्प्लिफायरकडून काढा आणि मल्टीमीटर २०० ओहमवर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण साडेतीन दाखवतो, ८ ओहमचा सहा-सातच्या आसपास. ट्विटरच्या आधी कंडेन्सर असतो, तो मीटरचा डीसी अडवतो, त्यामुळे मीटरला फक्त वूफर दिसतो. मीटर लावलेलाच ठेवून वूफरचा कोन चार बोटांनी सारखा, अगदी हळू आत दाबा. आकडा नाचला किंवा मीटर एकदम ओपन दाखवू लागला तर कोनकडे जाणारी विणलेली लवचिक तार आतून तुटली आहे. ही तार गेली की बासवर खरखर जास्त येते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात मात्र नव्वद टक्के शक्यता ड्राय सोल्डरची, म्हणजे चीर गेलेल्या सोल्डरच्या सांध्याची, असं मी म्हणेन. थाप सगळ्या पेटीवर मारू नका, त्यातून काहीच कळत नाही. आवाज चालू ठेवून आधी मागची प्रत्येक पिन एका बोटाने आडवी हलवा, मग स्पीकरचं टर्मिनल, मग व्हॉल्यूमची खुंटी. जिथे खरखर उमटते तिथे खूण करा. सॉकेट थेट पीसीबीवर (बोर्डावर) असतं, केबलचं वजन त्याच्या सोल्डरवर लोंबतं, आणि खाली माग चालू असले की दिवसभर हादरे. बंद करून बोर्ड काढलात की फोनचा कॅमेरा झूम करून सोल्डरची बाजू बघा. पिनेभोवती बारीक काळी गोल रेघ दिसली तर तीच चीर.

वरून नवं सोल्डर फासलं तर चार दिवस चालेल. जुनं सोल्डर पंपाने ओढून घ्या, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावा, ६३/३७ चं ताजं सोल्डर द्या, दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. अर्थिंगच्या जाड पट्ट्यावरची पिन २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने नीट तापत नाही, तिथे ६० वॅटचं घ्या.

व्हॉल्यूम फिरवतानाच खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे आणि पंचवीस-तीस वेळा खुंटी या टोकापासून त्या टोकापर्यंत. सायकलच्या चेनला मारतात तो तेलकट स्प्रे नको.

आता दिवा विझण्याचं. ऑटो स्टँडबाय आहे का बघा. बरीच मॉडेलं सिग्नल क्षीण असला की काही मिनिटांनी झोपी जातात. फोनचा आवाज पूर्ण मोठा आणि स्पीकरचा लहान ठेवून बघा, थांबलं तर दोषच नाही. मग त्याच एक्स्टेन्शनला टेबललॅम्प लावा, तोही लुकलुकला तर सॉकेट ढिलं. बाहेरचा अडॅप्टर असेल आणि तो कधी बदलला असेल तर त्याची गोल पिन तपासा. बाहेरून ५.५ मिमीच्याच दोन पिना मिळतात, आत २.१ किंवा २.५ मिमीचं भोक. २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये जाते, पण सैल बसते, आणि हात लागला की दिवा जातो.

हे सगळं ठीक निघालं तर एक खूण लक्षात घ्या. गार असताना चालू व्हायला कुरकुर करतो, टिक-टिक करतो आणि तापल्यावर सुधारतो, तर बहुधा सप्लायमधला कंडेन्सर सुकलेला, बऱ्याचदा कंट्रोलर आयसीजवळचा (सप्लाय चालवणाऱ्या चिपजवळचा) छोटा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा. नवा १०५ अंशांचाच घ्या, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. तुमचं मात्र उलट आहे, गार असताना ठीक आणि तापल्यावर बंद. म्हणून कंडेन्सरपेक्षा हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) साचलेली रुई, तिच्या आणि आयसीच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट, तापून थर्मल प्रोटेक्शनमध्ये जाणारा (स्वतःला वाचवायला बंद पडणारा) अडॅप्टर किंवा आयसी यांच्यावर माझा संशय आहे. रुईपासून जपायला स्पीकरवर चादर टाकत असाल तर वाजवताना ती काढा, सोलापुरी असली तरी.

सप्लाय डब्याच्या आतच असेल तर जपून. २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन मुख्य कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी बसतात आणि प्लग काढल्यावरही राहतात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, २.२ किलोओहम १० वॅटच्या रेझिस्टरने उतरवा, मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा, मगच हात घाला. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा लावताना ६० वॅटच्या तारेच्या (फिलामेंटच्या) बल्बच्या सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. हे आधी केलं नसेल तर मेनची बाजू मेकॅनिककडेच जाऊ द्या, पण त्याला 'बोर्ड बदल' म्हणू नका, 'तापल्यावर सप्लाय पडतो' म्हणा.

अडॅप्टरवाला असेल तर बोर्डवरच्या डीसीला मीटर लावून ठेवा आणि बंद पडेपर्यंत वाजवा. बंद पडताना व्होल्टेज कोसळलं तर दोष अडॅप्टरमध्ये, जागच्या जागी राहिलं तर अ‍ॅम्प्लिफायर आयसीकडे. अ‍ॅम्प्लिफायर आयसी क्लास डी प्रकारचा असेल तर दोन्ही स्पीकरच्या वजा तारा कधी एकत्र किंवा ग्राउंडला जोडू नका, आउटपुट बहुधा ब्रिज असतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारा आयसीच चालवतो. स्पीकरच्या एका टोकापासून ग्राउंडला निम्मा सप्लाय दिसतो तो बिघाड नव्हे, दोन टोकांमध्ये मोजा, तिथे ५० मिलिव्होल्टच्या आत हवं.

बंद पडायच्या आधीचं आणि नंतरचं डीसी व्होल्टेज, आणि अडॅप्टरवर छापलेला आकडा इथे लिहा. आयसीचा नंबर वाचता आला तर तोही.