पेट्रोल टाकीसाठी पहिली स्प्रे गन

आपल्याला मोटारसायकलची फक्त टाकी, साइड पॅनेल आणि मडगार्ड रंगवायचे आहेत, त्यामुळे मोटारीसाठीची मोठी गन न घेता ०.८ ते १.० मिलिमीटर नोझलची छोटी एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणारी) गन घ्यावी. ती हवा कमी खाते आणि टाकीच्या वळणांवर हातात नीट राहते.

नवखे लोक कॉम्प्रेसरच्या टाकीचे केवळ लिटर पाहतात. गनला लागणारी हवा आणि कॉम्प्रेसर प्रत्यक्ष देतो ती हवा, हे दोन आकडे आधी ताडून पाहा, नाहीतर फवारा मध्येच मंदावतो. पाणी अडवणारा फिल्टर हवाच, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात.

टू-के क्लिअरच्या (रंगावरचा, हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून अपाय करणारे रसायन असते, ज्याचा धोका वासावरून कळत नाही; बाहेरून ताजी हवा देणारा मास्क नसेल, तर क्लिअरचे काम कृपया वर्कशॉपलाच द्या. सरावाचा पहिला हात एखाद्या जुन्या मडगार्डवर मारा.