आधी खिसा दाखव

प्रिय मित्रा,

तुझी संहिता वाचली. एकही संवाद नाही, हे झकास. पण परदेशी गेलेला तुझा नायक ऊठसूट खिडकीशी उभा राहून आईचा फोटो बघतो, ते काही पटलं नाही. त्याला घर आठवतं हे प्रेक्षक धरूनच चालतो. त्याच्या खिशात किती उरलेत, हे मात्र तू कुठेच कळू देत नाहीस.

चॅप्लिनचा मूकपट ‘द इमिग्रंट’ (1917) पुन्हा बघ. बोटीवरची हेलकाव्यांची धमाल सगळ्यांना आठवते. तू हॉटेलचा भाग काढून बघ. चार्लीला रस्त्यात एक नाणं सापडतं, तो ते खिशात टाकतो आणि खिसा निघतो फाटका. त्याला पत्ताच नाही. आत बसून तो ऐटीत खायला मागवतो. तेवढ्यात दहा सेंट कमी पडले म्हणून एका गिऱ्हाइकाला वेटर मंडळी बडवून काढतात, तेव्हा कुठे तो खिसा चाचपतो. पुढे वेटरच्याही खिशाच्या भोकातून एक नाणं पडतं. चार्ली ते बुटाखाली दाबतो, कसंबसं उचलतो, रुबाबात पुढे करतो. वेटर झालेला धिप्पाड एरिक कॅम्बेल ते दाताखाली धरतो, तर वाकतं. खोटं! आपण हसतो, पण पोटात गोळाही येतो.

याच टेबलाशी नायिका एडना पर्व्हियन्सच्या हातात शोकाचा, काळ्या काठाचा रुमाल दिसतो. बोटीवर तिच्यासोबत आजारी आई होती. चार्ली रुमाल बघतो आणि उमजतो. मधे मजकुराची पाटी नाही की हुंदका नाही. तुझी फोटोची सगळी दृश्यं मिळून एवढं सांगत नाहीत.

आणखी एक. हॉटेलचं चित्रण आधी झालं. सिनेमा जिथून सुरू होतो ती बोट चॅप्लिनला मागाहून सुचली. तेव्हा सुरुवात जमत नाही म्हणून अडून बसू नकोस.

बोटीवरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, आणि लगेच अधिकारी दोर लावून सगळ्यांना कोंडतात. भाष्य म्हणायचं तर एवढंच. (त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या अमेरिकी कायद्याने बंदी घातलेल्या पट्ट्यात हिंदुस्थानही होता. आपल्याकडचा मजूर त्या दोरापर्यंतही पोचला नसता.)

‘हंग्री हार्ट्‌स’ही (1922) बघ. न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतीतली ज्यू आई हौसेने स्वयंपाकघर पांढरं शुभ्र रंगवते, तर घरमालक खोली छान झाली म्हणून भाडं वाढवतो. मग ती त्याच भिंती फोडायला घेते. शेवट स्टुडिओने गोड केलाय, तो सोडून दे. आपल्या बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’मधला (1925) शेतकरी जमीन गमावून गिरणीत मजुरीला जातो. ती मूक प्रत आज हाती असती तर तोच आधी बघ म्हटलं असतं.

आता तुझ्या नायकाला एक व्यवहार दे: खोलीची अनामत रक्कम, घरी पाठवायचे पैसे, काहीही. त्यात पैसे थोडे कमी पडू देत, आणि ते कमी पडल्याचं समोरच्याच्या आधी आपल्याला दिसू दे. फोटो ठेवायचाच असेल तर एकदाच, तोही पाकिटातून नोट काढताना दिसलेला.

चॅप्लिनची प्रत निवडताना वेग तपासून घे. इंटरनेटवर माणसं तुरुतुरु पळणाऱ्या प्रती पुष्कळ आहेत. त्यात तो रुमाल निसटून जातो.

तुझा,
दादा